मैदाने आखणारा टॉम मॉरिस

माउंट रोडने नंदनमवरून जाताना कॉस्मोपॉलिटन क्लबचे गोल्फ मैदान लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते बसमधून, कुंपणाबाहेरूनच पाहिले असेल. हा साहेबांचा आणि पैसेवाल्यांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण पुढे जातो. पण अशी मैदाने आखण्याच्या कामाला ज्यांनी सुरुवातीच्या काळात नाव मिळवून दिले, ते टॉम मॉरिस साहेबांपैकी नव्हते. ते एका विणकराचे पुत्र. डिप्लोमा करून, साइटवर उभे राहून काम शिकलेल्या आमच्यासारख्यांना त्यांचे चरित्र जवळचे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

टॉम यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावी झाला. किनाऱ्याची वाळू आणि आतली शेतजमीन यांच्यामधल्या उंचसखल, गवताळ पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. शेतीला निरुपयोगी अशा या पट्ट्यावरच गोल्फ वाढला. लहान वयातच टॉम अ‍ॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूकडे चेंडू बनवण्याच्या उमेदवारीला लागले. त्या वेळी चेंडू म्हणजे कातडी पिशवीत पिसे ठासून शिवलेला गोळा. एक कारागीर दिवसात जेमतेम तीन-चार चेंडू करी. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे स्वस्त चेंडू आले (हाच गटापर्चा पुढे समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर वेष्टण म्हणून वापरला गेला). रॉबर्टसनचा धंदा बुडण्याची चिन्हे दिसू लागली. टॉमनी नवा चेंडू वापरलेला पाहून गुरू संतापले आणि दोघांची फारकत झाली.

१८५१ साली टॉम पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला गेले. ग्लासगो-एअर रेल्वेमार्गाला लागून असलेल्या जागेत त्यांनी बारा होलचे मैदान आखले. तिथल्या पहिल्या होलचे नाव आजही ‘रेल्वे’ आहे! आजची ओपन स्पर्धा १८६० साली याच मैदानावर अवघ्या आठ खेळाडूंनिशी सुरू झाली. टॉमनी ती १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा जिंकली. शेवटच्या विजयाच्या वेळी ते ४६ वर्षांचे होते आणि एवढ्या वयाचा विजेता त्या स्पर्धेला अजून मिळालेला नाही.

१८६० च्या दशकाच्या मध्यावर सेंट अँड्र्यूजने त्यांना मैदानाचे रखवालदार म्हणून वर्षाला ५० पौंडांवर परत बोलावले. मैदान खेळून खेळून झिजले होते. हिरवळीवर वाळू पसरण्याचा टॉमचा उपाय प्रसिद्ध आहे. एकदा ढकलगाडीतली वाळू चुकून सांडली आणि तिथले गवत दाट आले, त्यावरून त्यांना हे सुचले अशी हकिकत सांगतात. हकिकत कशीही असो, वाळूने पाण्याचा निचरा होतो आणि पृष्ठभाग सपाट राहतो हे खरे. रुळाखाली खडी भरून पॅकिंग करणाऱ्या आमच्या गँगमनला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रविवारी मैदान बंद ठेवण्याबद्दल ते ठाम होते. खेळणाऱ्याला विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी, हा त्यांचा हिशेब. तिथले जुने मैदान आजही एरवी रविवारी खेळाला बंद असते.

गावोगावची बोलावणी येऊ लागली. मजुरी दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. टॉम यायचे, जमीन पायी तुडवायचे, वाळूच्या टेकड्या, खळगे, वाऱ्याची दिशा बघायचे आणि खुंट्या ठोकत एक-दोन दिवसांत आखणी करून परतायचे. मातीकाम जवळजवळ नाहीच, जमीन जशी आहे तशी वापरायची. माक्रिहॅनिश, म्युअरफील्ड, डॉर्नॉक, आयर्लंडमधील लाहिंच या मैदानांना त्यांचा हात लागला. १८८९ साली रॉयल काउंटी डाउनच्या आखणीसाठी क्लबाने चार गिनींची मर्यादा घातली होती. आज ते जगातील उत्तम मैदानांत गणले जाते. आमच्या एस्टिमेटवाल्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

घरी मात्र या माणसाने फार सोसले. पहिला मुलगा चार वर्षांचा होऊन १८५० साली गेला. पुढच्या वर्षी झालेल्या मुलालाही टॉम हेच नाव ठेवले. हा टॉमी बापापेक्षा सरस निघाला. १८६८ साली सतराव्या वर्षी त्याने ओपन जिंकली, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर वडीलच होते. लागोपाठ तीन वर्षे जिंकून त्याने विजेत्याचा चामडी पट्टा कायमचा घरी आणला. १८७१ साली स्पर्धाच झाली नाही आणि १८७२ साली ती पुन्हा त्यानेच जिंकली.

सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बर्विकला सामना खेळत असताना तार आली, की टॉमीची पत्नी मार्गारेट बाळंतपणात अडली आहे. सामना उरकून दोघे निघाले. मध्ये फोर्थची रुंद खाडी. तिच्यावरचा प्रसिद्ध रेल्वेपूल १८९० साली झाला, तेव्हा तो नव्हता. कुणीतरी शिडाची नौका दिली. घरी पोहोचेपर्यंत पत्नी आणि बाळ दोघेही गेले होते. टॉमी त्यातून सावरला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. पुढच्या वर्षी टॉम यांची पत्नी अ‍ॅग्नेस गेली. उरलेली तीन मुलेही १८९३, १८९८ आणि १९०६ साली त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

या सगळ्यात त्यांचे काम थांबले नाही. वर दिलेल्या मैदानांची बहुतेक आखणी टॉमी गेल्यानंतरची आहे. ते १८९५ पर्यंत ओपन खेळत राहिले. ज्या क्लबात त्यांच्यासारख्या नोकरदार खेळाडूला सभासद म्हणून प्रवेश नव्हता, त्याच क्लबाने सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्यांचे तैलचित्र काढून घेऊन भिंतीवर लावले. २४ मे १९०८ रोजी जिन्यावरून पडून त्यांचे निधन झाले. टॉमीजवळच त्यांना पुरले आहे.

मुलगे गेले तरी विद्या उरली. डॉर्नॉकचा डोनाल्ड रॉस त्यांच्या हाताखाली शिकला, १८९९ साली अमेरिकेला गेला आणि तिथे त्याने शेकडो मैदाने आखली. टॉम यांचे सेंट अँड्र्यूजमधील दुकान मुलीच्या वंशजांकडे पुढे बराच काळ राहिले. ते अठराव्या होलच्या अगदी समोर आहे आणि त्या होलचे नाव ‘टॉम मॉरिस’ आहे.