‘लॉयल्टी’चा मालक : वालचंद हिराचंद

पाणबुडीचे गेम खेळणाऱ्या होस्टेलकरांना मालवाहू जहाज म्हणजे काय ते विचारा. पेरिस्कोपमधून दिसणारं, हळूहळू चालणारं, करड्या रंगाचं एक सावज! टॉर्पेडो सोडा, टनेज मोजा, पुढे चला. ‘सायलेंट हंटर’सारख्या गेममध्ये मुळात व्यापारी जहाजं मोजकीच मिळतात. म्हणून जगभरची हौशी मंडळी जुने फोटो आणि आराखडे जमवून खरीखुरी जहाजं कॉम्प्युटरवर बांधतात आणि मॉड म्हणून गेममध्ये घालतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र बराच लांब आहे, तरी कुणाला हा नाद लागलाच तर त्याने ‘लॉयल्टी’ बांधायला घ्यावी. पण त्याआधी तिच्या मालकाची गोष्ट.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं. कॉलेजसाठी ते मुंबई-पुण्याला गेले, पण पदवी काही पूर्ण झाली नाही (बॅकलॉगवाल्यांनी इथे उगाच खूष होऊ नये). घरच्या पेढीत त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत कंत्राटदारी सुरू केली. पहिले काम कुठले? बार्शी लाइट रेल्वेचा येडशी-तडवळे हा तुकडा. म्हणजे आपल्या धाराशिवकडचाच! अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सुरुवात केलेला हा माणूस पुढे भोरघाटाच्या बोगद्यांपर्यंत पोचला.

जहाजांकडे ते वळले पहिल्या महायुद्धानंतर. तेव्हा हिंदुस्थानचा माल परदेशी जहाजांतूनच जायचा. जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास स्वतःची जहाजसेवा सुरू केली होती, ती भाडेयुद्धात बंद पडली. चिदंबरम पिळ्ळे यांनी १९०६ साली तुतिकोरीनला स्वदेशी कंपनी काढली, तिचीही तीच गत झाली. हे सगळे माहीत असूनही वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत १९१९ च्या मार्चमध्ये ‘सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी काढली. पहिले जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतले होते, म्हणून कंपनीला नावही त्यांचेच.

ते जहाज म्हणजे ‘लॉयल्टी’. मॉडेल करायला सुंदर, धंदा करायला अवघड!

मुळात ती १८९० साली इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगला टपाल आणि प्रवासी नेणारी. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, शिडाच्या जहाजासारखा पुढे झुकलेला नाळेचा भाग, दोन प्रोपेलर, ट्रिपल एक्सपान्शन वाफेची इंजिनं आणि ताशी सोळा नॉट वेग. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेऊन तिचे इस्पितळ-जहाज केले. तेव्हा मॉड करणाऱ्याने आधी साल ठरवावे. एम्प्रेस असतानाचे देखणे फोटो मिळतात म्हणून तोच रंग १९१९ च्या जहाजाला फासायचा नाही.

आता हल बनवायला बसलात की आकडे बोलायला लागतात. लांबी सुमारे ४५६ फूट, रुंदी ५१. म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ नऊ पट. त्या काळच्या साध्या मालवाहू जहाजात हे प्रमाण सात-साडेसातच्या आसपास असे. टनेज ५,९०५ ग्रॉस, पण बरं का, हा ग्रॉस टन वजनाचा नव्हे. शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक ग्रॉस टन. ते वजन समजून फिजिक्समध्ये टाकलं तर जहाज पाण्यात चुकीच्या रेषेवर तरंगणार. आणि त्या जागेतली किती मालाला? इंजिनरूम, बॉयलर, कोळशाच्या कोठ्या आणि केबिन वजा करत गेलात की मालाची जागा केवढीशी उरते ते दिसतं. तीस वर्षांची, कोळसा खाणारी, वेगासाठी बांधलेली बाई मालवाहतुकीला जुंपायची होती.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, खुद्द वालचंद तिच्यावर होते. सफर गाजली, हिशेब मात्र आतबट्ट्याचा ठरला. १९२३ मध्ये जहाज मुंबईतच भंगारात निघाले. माझ्या मते वालचंदांची खरी कसोटी त्या गाजलेल्या सफरीत लागली नाही, ती पुढच्या चार वर्षांत लागली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी पाडली. सिंधिया विकत घेण्याची तयारी दाखवली, ती नाकारली गेली. अखेर १९२३ साली तह झाला तो कडू होता. सिंधियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन या किनारी मालवाहतुकीतच राहायचे, जहाजांवरही मर्यादा. लंडनचे स्वप्न गुंडाळून रंगूनचा तांदूळ वाहायचा! पण टाटांची आणि पिळ्ळ्यांची कंपनी बुडाली तशी ही बुडाली नाही. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ प्रशिक्षण जहाज सुरू झाले आणि तिथून शिकून निघणाऱ्या हिंदी कॅडेटना सिंधियाने कामावर घेतले. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ पासून वालचंदच अध्यक्ष झाले.

वालचंद संत नव्हते. एका हाताने इंग्रज सरकारची कंत्राटे घ्यायची आणि दुसऱ्या हाताने इंग्रज जहाज कंपन्यांशी भांडायचे, हे त्यांना छान जमे. बंगलोरचा विमान कारखाना (१९४०) आणि कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) ही त्यांचीच कामे, त्यावर स्वतंत्र लेख होईल.

दुसऱ्या महायुद्धात मात्र सिंधियाची जहाजं खरोखरच पेरिस्कोपसमोर आली. जानेवारी १९४२ मध्ये ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ जपानी पाणबुड्यांनी बुडवली. मार्च १९४४ मध्ये कलकत्त्याहून चितगावला सैनिक नेणारे ‘एल मदिना’ बुडाले, शेकडो माणसे गेली. बुडालेल्या जहाजांच्या याद्यांत ही जहाजं ब्रिटिश म्हणून सापडतात, कारण झेंडा ब्रिटिश होता. मॉडमध्येही आपोआप तोच झेंडा लागतो. मालक हिंदी, जहाजाचं नाव हिंदी, खलाशी हिंदी, आणि झेंडा हा असा.

जहाजे विकत घेऊन भागणार नाही, ती इथेच बांधली पाहिजेत, हे वालचंदांच्या मनाने घेतले होते. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले आणि काम रखडले. १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी तिथून ‘जलउषा’ पाण्यात सोडली. वर्षभरात वालचंदांची प्रकृती ढासळली, १९५० मध्ये त्यांनी कारभार सोडला, १९५२ मध्ये गोदीचा मोठा हिस्सा सरकारने घेतला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. १९६४ पासून ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

‘जलउषा’ही मॉडेलला सोपी आहे, सरळ मालवाहू. अडचण एवढीच की महायुद्धाचे गेम १९४५ ला संपतात. ती हवी असेल तर कॅलेंडर तीन वर्षं पुढे न्यावं लागेल, आणि झेंड्याचं टेक्सचर नवं काढावं लागेल.