चहा विकून जगलेले भिक्खू : बायसाओ

सम्यक आजीविकेबद्दल आपण विहारात अनेकदा ऐकतो. पण धम्म सांगणाऱ्याने स्वतः कशावर जगावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जपानमधील एका झेन भिक्खूंनी तो स्वतःला विचारला आणि वयाच्या साठाव्या वर्षी चहाचे दुकान मांडले. लोक त्यांना बायसाओ म्हणू लागले. बायसाओ म्हणजे चहा विकणारा म्हातारा.

त्यांचा जन्म १६७५ साली क्युशू बेटावरील हिझेन प्रांतात झाला. वडील वैद्य होते, पण ते लवकर वारले. लहानपणीच ते ओबाकू या झेन पंथाच्या विहारात दाखल झाले आणि गेक्काई गेन्शो झाले. चिनी भिक्खू इनगेन १६५४ मध्ये जपानला आले, त्यांच्यापासून हा पंथ तिथे सुरू झाला. त्याबरोबर चहा करण्याची चिनी रीतही रुजली.

तोवर प्रतिष्ठितांचा चहा म्हणजे पूड घुसळून, ठरलेल्या विधीने, महागड्या भांड्यांतून प्यायचा. ओबाकू भिक्खूंचा चहा साधा होता. कढईत भाजून वाळवलेली पाने उकळत्या पाण्यात टाकायची, की झाले. हिझेनमधल्या उरेशिनोचा कढईत भाजलेला चहा आजही प्रसिद्ध आहे. भाजल्याने पानाचा हिरवा, कच्चा वास जातो आणि खमंगपणा येतो.

गुरूंच्या निधनानंतर विहाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे येत होते. ते त्यांनी गुरुबंधूला देऊ केले आणि पन्नाशीच्या सुमारास क्योटो गाठले. चीवर दाखवून दान गोळा करणारे भिक्खू त्यांनी पाहिले होते. ते त्यांना पटले नाही. १७३५ साली क्योटोच्या पूर्व भागात त्यांनी चहा विकायला सुरुवात केली. पुढे ते खांद्यावर सामान घेऊन कामो नदीकाठी, देवळांजवळ, फुलांच्या आणि पानगळीच्या दिवसांत गर्दीच्या जागी बसत. दर ठरलेला नव्हता. बांबूच्या नळकांड्यात ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकायचे. पैसे नसतील तर फुकट प्यायचे. चित्रकार इतो जाकुचू आणि इके नो ताइगा त्यांच्या मित्रमंडळीत होते, आणि वाटसरूही त्याच चहाला येत.

नळकांडे रिकामे राही, घरातला तांदूळ संपे. तेव्हा मित्र मदत करत. १७४२ मध्ये त्यांनी भिक्खूपदही सोडले आणि को युगाई या नावाने उपासक म्हणून राहू लागले. १७५५ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी आपली चहाची भांडी जाळून टाकली. आपल्या पश्चात ती नको त्या हाती जाऊन मिरवली जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. १७६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पण झाले उलटेच. पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या भांड्यांची चित्रे छापली, नकला केल्या, आणि त्यांच्या साध्या चहाचाही विधी झाला.

ती साधेपणाची चव आज आम्हाला होजिचात सापडते. हा चहा त्यांच्या काळातला नव्हे, तो विसाव्या शतकात क्योटोतच पुढे आला. जाड पाने आणि देठ खरपूस भाजतात. रंग तांबूस, कडवटपणा कमी, कॅफिनही कमी, म्हणून मुले आणि वृद्धही रात्री तो पितात. उकळते पाणी ओतून अर्धा मिनिट ठेवले की गाळायचा. घरी साधा ग्रीन टी कोरड्या तव्यावर मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतला, तरी जवळपास तीच चव मिळते.

समाजकार्य करताना आम्ही पाहतो की कार्यक्रमात बोलणारे मंचावर असतात आणि चहा देणारे मागे उभे असतात. बायसाओंनी आयुष्याची शेवटची वर्षे त्या मागच्या जागेवर काढली, आणि लोक धम्म समजून घ्यायला तिथेच आले. पुढच्या कार्यक्रमात चहाचा कप हातात घेताना, तो देणाऱ्याचे नाव तरी आपण विचारू या.