कवीच्या हाती नांगर

रवींद्रनाथ टागोर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ‘गीतांजली’, नोबेल पारितोषिक आणि झाडाखाली भरणारे शांतिनिकेतनचे वर्ग उभे राहतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वंगचित्रे’मुळे हे शांतिनिकेतन मराठी वाचकाला घरच्यासारखे झाले. परंतु तेथून दीड-दोन मैलांवरच्या श्रीनिकेतनचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते. मी शेतकऱ्याच्या घरातला. म्हणून असेल कदाचित, पण या महाकवीच्या चरित्रातील हेच प्रकरण मला सर्वांत जवळचे वाटते.

७ मे १८६१ रोजी कलकत्त्याच्या जोडासाँको येथील वाड्यात रवींद्रनाथांचा जन्म झाला. घर श्रीमंत, विद्येचे आणि कलेचे. शाळेत मात्र या मुलाचे मन कधी रमले नाही. तिशीच्या सुमारास पूर्व बंगालमधील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, जमीनदारीचा कारभार वडिलांनी त्यांच्याकडे सोपवला. शिलाईदह, शाहजादपूर, पतिसर अशा गावी ते राहू लागले. पद्मा नदीवरील होडीतून त्यांनी खेडी पाहिली. त्यांच्या कितीतरी कथा या दिवसांत जन्मल्या. पण कथांबरोबर त्यांना कर्जात बुडालेली कुळे, सावकाराचा पाश आणि घरोघरचा हिवतापही दिसला. ज्या वाड्यात आपली कविता वाढली, त्या वाड्याचा खर्च याच कुळांच्या खंडावर चालतो, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९०५ साली त्यांनी पतिसरला शेतकऱ्यांसाठी कृषी बँक काढली. पुढच्याच वर्षी मुलगा रथींद्रनाथ याला त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शेतीशास्त्र शिकायला पाठवले. त्या काळी मोठ्या घरातील मुले बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. १९१३ च्या नोबेल पारितोषिकाचा पैसाही त्यांनी त्याच बँकेत ठेवला. पुढे बँक बुडाली. हा प्रयोग फसला. पण खेड्यांचा नाद त्यांनी सोडला नाही.

१९०१ साली पाच विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या शांतिनिकेतनच्या शाळेतून १९२१ मध्ये विश्वभारती उभी राहिली. देशोदेशीच्या संस्कृतींनी एकत्र यावे, हा तिचा हेतू. मग शेजारच्या संथाळ आणि बंगाली खेड्यांना तिच्यात जागा नको काय? ६ फेब्रुवारी १९२२ रोजी सुरूल येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू झाले. तेच श्रीनिकेतन. लिओनार्ड एल्महर्स्ट हा शेतीशास्त्र शिकलेला इंग्रज तरुण त्याचा पहिला संचालक झाला. त्याने आणि विद्यार्थ्यांनी संडासाचे खड्डे स्वतः खणले, सफाईही स्वतः केली. गावाचे शत्रू कोण, याचा शोध घेता माकडे, मलेरिया आणि माणसांचा एकमेकांवरील अविश्वास, अशी तीन नावे पुढे आली. तिसरा शत्रू सर्वांत चिवट!

तेथे कालीमोहन घोष यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. सहकारी आरोग्य मंडळे निघाली, मुलांची व्रतीबालक पथके उभी राहिली. हातमाग, कातडीकाम, बाटिक यांचे शिक्षण सुरू झाले. १९२८ मध्ये हलकर्षण हा नांगरटीचा उत्सव सुरू झाला आणि साठी उलटलेल्या कवीने स्वतः नांगराचे रुमणे धरले. नंदलाल बोस यांनी तो प्रसंग श्रीनिकेतनच्या भिंतीवर रंगवला. नांगरणे हे हलके काम नव्हे, हे विद्यापीठाने गाणे आणि चित्र यांच्या साहाय्याने सांगितले. मला वाटते, बियाणे आणि औषध यांच्याइतकीच ही मदत मोलाची होती.

संस्थेसाठी पैसा कधीच पुरला नाही. पंचाहत्तरीच्या घरात असताना विद्यार्थ्यांचे नृत्यपथक घेऊन ते गावोगाव निधी गोळा करीत होते. १९३६ साली गांधीजींनी साठ हजार रुपये मिळवून दिले, तेव्हा ती दगदग थांबली. ७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ गेले. १९५१ साली विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाली आणि २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

विद्यार्थी मित्रहो, आपणही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी सात दिवस खेड्यात जातो. रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, समारोपाला भाषणे ऐकून परततो. गावाला काहीतरी द्यायला आलो, अशीच आपली भावना असते. त्या गावातील आजीबाईंच्या ओव्या कोणी वहीत उतरवून घेतल्या? कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे तेथील शेतकऱ्याला कोणी विचारले? यंदाच्या शिबिरात एवढे जरी केले आणि पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा गेलो, तरी श्रीनिकेतनचा पहिला धडा आपण गिरवला असे होईल. आमच्या प्राध्यापकांनी ही सूचना मनावर घ्यावी, अशी माझी नम्र विनंती आहे.