ध्वजाचे मानकरी घराणे व त्याचे मूळपुरुष जयबा मुकणे

श्रीक्षेत्र विवळवेढे येथील श्री महालक्ष्मी मातेची यात्रा चैत्र पौर्णिमेस सुरू होऊन सुमारे पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या मध्यरात्री मुसळ्या डोंगरावर मातेचा ध्वज नेला जातो. हा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा होय. त्या घराण्याचे मूळपुरुष जयबा मुकणे यांचे चरित्र भाविकांस ज्ञात असावे, म्हणून येथे संक्षेपाने देत आहोत.

जयबा हे महादेव कोळी समाजातील शूर पुरुष. थळघाटाजवळील मुकणे या गावी त्यांची लहानशी गढी होती. त्या गावावरूनच घराण्यास मुकणे हे नाव पडले. आख्यायिका अशी की, पिंपरी येथील एका पवित्र स्थानी पाच साधूंनी त्यांना जव्हारचे राजे होशील असा आशीर्वाद दिला. त्यानंतर जयबांनी आपल्या समाजातील माणसे जमविली आणि पेठ व धरमपूरच्या मार्गाने ते सुरत व काठेवाडापर्यंत गेले. सात वर्षे तिकडे राहून ते परतले.

त्या काळी जव्हारचा मुलूख वारली नायकाकडे होता. जयबांनी त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने ती आनंदाने मान्य केली. जयबांनी त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी नायकाची गढीच वेढली. ही कथा चातुर्याची म्हणून सांगितली जाते. परंतु तिचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. शब्द दिला म्हणून नायकाने आपले ठाणे सोडले आणि जयबांनीही त्यास रिक्त हस्ते पाठविले नाही. आजच्या डहाणू तालुक्यातील गंभीरगड व त्याभोवतालचा मुलूख त्यांनी नायकास दिला.

जयबांच्या पश्चात त्यांचे ज्येष्ठ पुत्र धुळबाराव गादीवर आले. दिल्लीच्या सुलतानाने त्यांना नेमशाह हा किताब देऊन राजे म्हणून मान्यता दिली. त्या वेळी या राज्यात बावीस किल्ले होते व वार्षिक वसूल नऊ लक्ष रुपयांचा होता, असे सांगतात. ५ जून १३४३ या मान्यतेच्या दिवसापासून जव्हार दरबाराने स्वतंत्र शक सुरू केला व तो पुढे कित्येक शतके कागदोपत्री चालला. इ. स. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले.

राज्य गेले, परंतु मातेच्या सेवेचा मान राहिला. पूर्वी मातेचे दर्शन डोंगरावरच होत असे. एक गर्भवती आदिवासी भक्त चढण चढताना मूर्च्छित पडली, तेव्हा तिचे कष्ट पाहून माता पायथ्याशी आली, अशी श्रद्धा आहे. तथापि ध्वज आजही डोंगरावरच चढतो. तो वर नेण्याचा मान वाघाडी येथील आदिवासी पुजारी घराण्याचा आहे. ध्वज राजाचा व हात आदिवासी पुजाऱ्याचा. या दोहोंवाचून यात्रा पूर्ण होत नाही. ज्या भूमीचे धनी पालटले, तेथे मातेपुढे मात्र सर्वांचे स्थान कायम राहिले.

यात्रेस येणाऱ्या भाविकांनी डोंगरावरील ध्वजास वंदन करताना या दोन्ही परंपरांचे स्मरण करावे. श्री महालक्ष्मी मातेची कृपा आपणा सर्वांवर अखंड राहो, हीच मातेच्या चरणी प्रार्थना.