हंटरवाली नादिया

घोड्यावरून भरधाव येणारा, डोक्यावर मोठी टोपी आणि कमरेला पिस्तूल लावलेला नायक म्हटला की अमेरिकेतले काउबॉयचे सिनेमे आठवतात. टॉम मिक्स हा त्यातला एके काळचा मोठा नट. त्याच्याइतकाच त्याचा टोनी नावाचा घोडाही लोकांचा लाडका होता. नायकानं घोडा दौडवायचा, दुष्टांना लोळवायचं आणि नायिकेनं कुणी सोडवायला येतंय का याची वाट बघत बसायचं, अशी साधारण कामाची वाटणी. आपल्या मुंबईत मात्र १९३५ साली ही वाटणी पार उलटी झाली. घोड्यावर बाई, हंटर तिच्याच हातात आणि मार खायला पुरुष! त्या बाईचं नाव नादिया.

मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश फौजेत, आई ग्रीक. वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच ती मुंबईला आली. १९१५ मध्ये वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे मायलेकी काही वर्षं पेशावरकडे राहिल्या. घोड्यावर बसणं, नेम धरणं, शिकार हे सगळं ती तिथं शिकली. १९२८ च्या सुमाराला मुंबईला परतली तेव्हा पदरात एक लहान मुलगा होता. आता पोटापाण्याचं बघणं आलं. तिनं मोठ्या दुकानात काउंटरवर काम केलं, टायपिंग-शॉर्टहँड शिकली, मग एका रशियन बाईंकडे नाच शिकून गावोगाव कार्यक्रम केले. काही काळ झारको सर्कशीतही होती. नादिया हे नाव याच दिवसांतलं, एका ज्योतिषीणबाईंच्या सल्ल्यानं घेतलेलं.

वाडिया मूव्हीटोन ही कंपनी तेव्हा परळला होती. (याच जागेत पुढे १९४२ साली शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं.) जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे भाऊ होमी हे दोघे तिचे मालक. जेबीएचना हॉलिवुडच्या डग्लस फेअरबँक्सच्या साहसी सिनेमांचं वेड. त्यांनी या गोऱ्या, सोनेरी केसांच्या, चांगल्या दणकट अंगाच्या बाईला बघितलं. नाव बदलून नंदादेवी ठेवू, काळ्या केसांची लांब वेणी लावू, असं त्यांनी सुचवलं. हातात काम नसताना एखादीनं निमूट मान डोलावली असती. नादियानं दोन्हीला नकार दिला आणि तरीही काम मिळवलं. मला तिचा हा नकार तिच्या उड्यांपेक्षा मोठा वाटतो.

आधी ‘देश दीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’मध्ये कामं देऊन तिला पारखलं, मग ‘हंटरवाली’ आला. दुष्ट प्रधान राजाला कैद करतो आणि राजकन्या तोंडावर बुरखा बांधून गोरगरिबांची कैवारी होते, अशी गोष्ट. सिनेमा घ्यायला वितरक तयार होईनात. शेवटी वाडियांनी जोखीम पत्करून तो लावला आणि तो पंचवीस आठवड्यांवर चालला. बाजारात नादियाच्या नावाचे हंटर, पट्टे, काडेपेट्या आल्या.

मग ओळच लागली. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मध्ये धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी, ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) मध्ये सिंह. बदली माणूस नाही, सगळं स्वतः. ‘पंजाब का बेटा’ नावाचा तिचा घोडा होता, त्याचंही नाव पाटीवर झळकायचं. ‘डायमंड क्वीन’ (१९४०) मध्ये तर बायकांच्या शिक्षणाची, त्यांच्या हक्काची बाजू ती उघड मांडते, तीही साध्या स्टंटपटात!

आता कुणी म्हणेल, ती गोरी होती म्हणून खपलं. त्यात तथ्य आहे. पण सगळं श्रेय कातडीलाही देता येणार नाही. १९३६ मध्येच प्रभातच्या ‘अमरज्योती’त आपल्या दुर्गाबाई खोटे समुद्रावरची लुटारू राणी झाल्या होत्या. लोकांना पडद्यावर शूर बाई आवडत होती. अडचण वेगळीच होती, ती घरात येण्याची.

होमी वाडिया आणि नादिया एकमेकांवर जीव टाकत. तिचे बहुतेक सिनेमे होमींनीच दिग्दर्शित केले. १९४२ मध्ये त्यांनी बसंत पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली, तिला हात दिला तो पुढच्याच वर्षीच्या ‘हंटरवाली की बेटी’नं. म्हणजे घरची चूल बाईच्या जिवावर पेटत होती म्हणायची! पण होमींच्या आईला ही परकी, सिनेमातली, एका मुलाची आई सून म्हणून नको होती. होमींनी आईचा शब्द मोडला नाही.

आमच्या महाळुंग्यात सकाळी रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुली दिसतात. कुणी लातूरकडची, कुणी बुलढाण्याची, चौघी मिळून खोली करून राहतात. बचत गटाच्या निमित्तानं त्यांचं माझ्याकडे येणं-जाणं असतं. त्यातली एक दर महिन्याला गावी पैसे पाठवते, धाकट्या भावाची फी तिनंच भरली. रात्रपाळी केली तरी घरच्यांना चालतं. लग्न स्वतः ठरवलं म्हणून मात्र वर्षभर कुणी फोन घेत नाही. पैसे तेवढे घेतात. तिच्याशी बोलताना मला नादिया आठवते आणि खरं सांगायचं तर होमींचा थोडा रागही येतो. इतकी वर्षं थांबायला तिनंच का लावून घ्यायचं?

ती थांबली मात्र. होमींच्या आई गेल्यानंतर, १९६१ साली त्यांचं लग्न झालं. नवरीचं वय त्रेपन्न. त्यानंतरही तिनं पडद्याशी नातं तोडलं नाही. १९६८ मध्ये ‘खिलाडी’ आला तेव्हा ती साठीची होती. तोवर लोक तिला बऱ्यापैकी विसरले होते. १९९३ मध्ये वाडिया घराण्यातल्याच रियाद वाडियानं तिच्यावर माहितीपट काढला आणि नव्या पिढीला या आजीबाई कळल्या. अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ ला, नादिया मुंबईत वारली. मागे होमी आणखी आठ वर्षं होते.