गिटारला कंठ फुटला त्याची गोष्ट

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री आमच्या वसतिगृहात एक छोटीशी शस्त्रक्रिया पार पडली. रुग्ण म्हणजे एका मित्राची इलेक्ट्रिक गिटार. बिचारीला पिकअप एकच, म्हणून आवाजही एकच, जाड आणि थोडा घोगरा. मित्राने खटपट करून ‘टॅप’ केलेला, म्हणजे वेटोळ्याच्या मधूनच एक जादा तार बाहेर काढलेला पिकअप मिळवला होता. त्याच्या तीन तारा. आरंभीची तार अर्थला, शेवटची एका लहानशा बटणाच्या एका टोकाला, मधली दुसऱ्या टोकाला आणि बटणाच्या मधल्या पायातून निघालेली तार आवाजाच्या खुंटीकडे. बटण एकीकडे केले की सगळे वेढे कामाला लागतात आणि आवाज मोठा, भरदार येतो. दुसरीकडे केले की थोडेच वेढे राबतात. आवाज लहान होतो, पण स्वच्छ आणि टोकदार. तेव्हा उरलेले वेढे तसेच लोंबकळत ठेवायचे असतात. पहिल्या खेपेला आम्ही शहाणपणा करून शेवटचे टोकही अर्थला डागले. झाले! निम्मे वेढे उरलेल्या निम्म्यांशी भांडू लागले आणि आवाज जवळजवळ नाहीसाच झाला.

रात्री दोन वाजता गिटार पुन्हा बोलू लागली, तेव्हा मित्राने कौतुकाने एका माणसाचे नाव घेतले : चार्ली ख्रिश्चन. मला ते नाव ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आणि ऐकत गेलो. त्याच्या गिटारलाही पिकअप एकच होता, आणि त्याला बटण वगैरे काही नव्हते.

चार्लीचा जन्म २९ जुलै १९१६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या बॉनहॅम या गावी, एका निग्रो कुटुंबात झाला. तो लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमा सिटीला आले. वडील क्लॅरेन्स हे वादक, पण आजारात त्यांची दृष्टी गेली होती. मुलांना बरोबर घेऊन ते श्रीमंतांच्या वस्त्यांतून गात-वाजवत फिरत आणि मिळेल त्यावर घर चाले. सर्वांत धाकटा चार्ली प्रथम नुसता नाचत असे. गिटार त्याच्या हाती नंतर आली. तो बारा वर्षांचा असताना वडील गेले.

पुढे विख्यात कादंबरीकार झालेला राल्फ एलिसन हा त्याच गावचा आणि त्याच डग्लस शाळेतला. त्याने १९५८ साली चार्लीवर एक सुंदर लेख लिहिला. चार्ली शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून तंतुवाद्ये बनवी आणि तीच वाजवून सवंगड्यांना थक्क करी, असे एलिसनने त्यात सांगितले आहे. शाळेत झेलिया ब्रो नावाच्या मोठ्या तळमळीच्या संगीतशिक्षिका होत्या. पण गिटारला त्या काळी शाळेच्या वाद्यवृंदात मानाचे पान नव्हते. चार्लीला सॅक्सोफोन हवा होता, तो मिळाला नाही. ट्रम्पेट त्याला नको होता. तो बेसबॉल खेळू लागला. मात्र गिटारवर तो सॅक्सोफोनचेच सूर शोधत राहिला.

इथे थोडे थांबून गिटारची तेव्हाची दैन्यावस्था सांगायला हवी. जाझच्या वाद्यवृंदात पंधरा-सोळा वादक असत, त्यांत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या रांगाच्या रांगा. त्या पितळी गर्जनेपुढे गिटारचा आवाज तो केवढा! गिटारवाल्याने मागे बसून ठेका धरायचा, सुरावट उचलून पुढे यायचे नाही, असा अलिखित दंडकच होता. हवाईयन गिटारला विजेची साथ १९३० नंतर लवकरच मिळाली. मग १९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची स्पॅनिश पद्धतीची विजेची गिटार बाजारात आणली. तिचा पिकअप वॉल्टर फुलर यांनी रचलेला. गिटारच्या पोटात दोन लांबलचक चुंबके, त्यांना भिडलेले एक सपाट लोखंडी पाते तारांखाली वर आलेले, आणि त्या पात्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादाची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतप्रवाह उमटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो. नायलॉनची तार लावा, पिकअप बहिरा! वाजवणाऱ्याच्या ताब्यात खुंट्या दोनच, एक आवाजाची आणि एक सुराच्या पोताची. दुसऱ्या क्रमांकाची तार इतरांपेक्षा मोठ्याने ओरडते असे दिसल्यावर पुढच्या पिकअपांत तिच्याखाली पात्याला खाच पाडण्यात आली. एवढे साधे ते यंत्र.

एडी डरहॅम हा वादक-रचनाकार विजेची गिटार आधीच वाजवू लागला होता. १९३७ च्या सुमारास त्याची आणि चार्लीची गाठ पडली, आणि चार्लीला आपला रस्ता दिसला. १९३९ मध्ये पियानोवादक मेरी लू विल्यम्स हिने ध्वनिमुद्रणक्षेत्रातील जाणकार जॉन हॅमंड याच्या कानावर त्याचे नाव घातले. हॅमंड वाट वाकडी करून ओक्लाहोमा सिटीला गेला, त्याला ऐकले आणि ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाला बोलावून घेतले. तिथे बेनी गुडमनचा मुक्काम होता. गुडमन म्हणजे तेव्हाचा स्विंगचा सम्राट, आणि गोऱ्या-काळ्या वादकांना एकाच रंगमंचावर आणण्याचे धाडस केलेला. पण विजेच्या गिटारबद्दल त्याला काडीची उत्सुकता नव्हती.

मग त्या रात्री जे घडले ते हॅमंडने पुढे अनेकदा रंगवून सांगितले, तेव्हा थोडे मीठमसाला धरून चालावे. बेव्हर्ली हिल्समधील व्हिक्टर ह्यूगो या उपाहारगृहात, गुडमन जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेला असताना, हॅमंडने मागच्या दाराने चार्लीला त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरसह रंगमंचावर आणून बसवले. गुडमन परतला, चिडला, पण लोकांसमोर काय बोलणार? त्याने ‘रोझ रूम’ ही चीज सुरू केली. या खेडवळ पोराला ती येत नसेल, असा त्याचा होरा असावा. चार्लीने एकामागून एक आवर्तने अशी काही विणली की ती एकच चीज पाऊण तास चालली. त्या रात्रीपासून तो गुडमनचा झाला. २ ऑक्टोबर १९३९ रोजी गुडमनच्या सहा वादकांच्या संचाबरोबर त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री तो कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता. वय वर्षे तेवीस!

त्याचे वादन ऐकताना मला विशेष वाटते ते त्याच्या वाक्यांच्या लांबीचे. तो तार बहुधा वरून खालीच छेडी, त्यामुळे प्रत्येक स्वराला सारखे वजन. त्याचा आदर्श सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग. श्वास घेऊन एका दमात म्हणावी तशी त्याची ओळ जिथे संपायला हवी तिथे संपत नाही, एक वळण घेऊन पुढेच जाते. पिकअपने त्याला फक्त आवाज दिला. हे बोलणे त्याचे स्वतःचे. आमच्या मित्राच्या गिटारला आता दोन आवाज आहेत आणि सांगण्यासारखे फारसे काही नाही, हे मित्रही कबूल करतो.

गुडमनचा कार्यक्रम संपला की चार्ली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ११८ व्या रस्त्यावरच्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये जाई. तिथे थेलोनियस मंक पियानोवर आणि केनी क्लार्क ड्रमवर बसलेले असत. पुढे ज्याला बीबॉप हे नाव पडले ते संगीत तिथे रात्री-रात्रींतून घडत होते. व्यवस्थापक टेडी हिल याने चार्लीसाठी एक अ‍ॅम्प्लिफायर तिथेच ठेवून दिला होता, रोजचे ओझे नको म्हणून. मे १९४१ मध्ये जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी आपले तबकडी कोरण्याचे यंत्र घेऊन तिथे जात असे. चार्ली मोकळेपणी, घड्याळाकडे न पाहता कसा वाजवी हे आज ऐकता येते ते या एका विद्यार्थ्याच्या छंदामुळे. त्यांपैकी सर्वांत गाजलेली तबकडी ज्या ‘टॉप्सी’ या चिजेवर बेतलेली आहे, तिच्या रचनाकारांत तोच एडी डरहॅम आहे.

क्षय त्याला आधीच जडला होता. १९४० मध्ये तो काही काळ रुग्णालयात होता. बाहेर आला आणि पुन्हा तीच जागरणे, तोच धूर. जून १९४१ मध्ये त्याला स्टेटन आयलंडवरील सीव्ह्यू सॅनेटोरियममध्ये दाखल केले. मिरजेच्या सॅनेटोरियमच्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांकडून ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना ठाऊक असेल की तेव्हा उपचार म्हणजे विश्रांती, हवा आणि खुराक. २ मार्च १९४२ रोजी चार्ली तिथेच गेला. वय पंचवीस. आपल्यातले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्याच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी लहान. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. आणि १९५१-५२ मध्ये क्षयावरच्या आयसोनियाझिड या औषधाच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्या ज्या रुग्णालयांत झाल्या त्यांत हेच सीव्ह्यू होते. चार्लीच्या नावावरची प्रकाशझोतातली कारकीर्द ऑगस्ट १९३९ ते जून १९४१ एवढीच, दोन वर्षांहूनही कमी.

त्याला बॉनहॅमला नेऊन गेट्स हिल दफनभूमीत पुरले. कबरीवर दगड नव्हता. तो १९९४ मध्ये बसवला गेला. फुलरने रचलेल्या त्या पात्याच्या पिकअपला मात्र वादकांनी फार आधीच नाव देऊन टाकले होते. आजही तो नव्याने बनतो आणि दुकानदाराकडे मागताना फुलरचे नाव कोणी घेत नाही, चार्ली ख्रिश्चन पिकअप म्हणूनच मागतात.