राजर्षी शाहू : कचेरीचे दार उघडणारा राजा

आपल्या विहारात तथागतांच्या मूर्तीशेजारी ज्या तसबिरी आहेत त्यांत राजर्षी शाहू छत्रपतींची तसबीर आहे. दर 26 जूनला आपण तिला हार घालतो. शाहूराजांनी काय केले, असे मुलांना विचारले की मुले सांगतात, आरक्षण दिले. बरोबर आहे. पण आरक्षण दिले म्हणजे नेमके काय केले, असे विचारले की पोरेही गप्प आणि आम्ही मोठेही गप्प. म्हणून वर्धापनदिनाच्या या अंकात चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा. कागलच्या घाटगे घराण्यातले हे यशवंतराव. 17 मार्च 1884 रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोटला शिकले, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली तयार झाले आणि 2 एप्रिल 1894 रोजी कारभार हाती घेतला. वय अवघे एकोणीस.

कारभार हाती आल्यावर त्यांनी काय पाहिले? संस्थानात 71 अधिकारी, त्यांपैकी 60 एकाच जातीचे, ब्राह्मण. कारकुनांच्या 500 जागा, त्यांत ब्राह्मणेतर फक्त 10. आता बघा, शेतकरी अर्ज घेऊन कचेरीत गेला तर अर्ज लिहिणारा तोच, वाचणारा तोच, निकाल देणाराही तोच. राजा कितीही दयाळू असला तरी त्याचा हुकूम ज्या हातांतून खाली यायचा ते हात रयतेचे नव्हते. त्यात 1896-97 चा दुष्काळ आणि मागोमाग प्लेग. गरीब संस्थानाचा कारभार रयतेतून आलेल्या माणसांच्या हाती गेल्याशिवाय रयतेचे दुःख कचेरीला दिसणार नाही, ही गोष्ट महाराजांना तेव्हाच कळली.

1895 साली त्यांनी भास्करराव जाधव या हुशार तरुणाला असिस्टंट सरसुभे नेमले. पण एक भास्करराव मिळाला, पुढचे कुठून आणायचे? शिकलेली माणसेच नव्हती. 1896 मध्ये राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी सर्व जातींचे वसतिगृह काढून पाहिले. चालवणारे उच्चवर्णीय, तेव्हा बहुजनांची पोरे तिथे टिकली नाहीत. मग महाराजांनी वाट बदलली. 1901 मध्ये मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी अशी एकेक करून वीसच्या वर वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. आपल्या अस्पृश्य मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार बोर्डिंगे काढली म्हणून काही विद्वान आजही नाके मुरडतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, की खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात त्या वेळी भाकरी कोण घालत होते आणि झोपायला ओसरी कोण देत होते?

बोर्डिंग आधी आणि हुकूम नंतर, हा क्रम ध्यानात ठेवावा. 26 जुलै 1902 रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध हुकूम निघाला. महाराज तेव्हा बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात असा तो हुकूम. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे मागासलेले. कुणालाही नोकरीवरून काढले नाही, रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या होत्या. आणि ज्या खात्यात हे प्रमाण पन्नासच्या खाली असेल तिथे पुढची नेमणूक मागासलेल्यांतूनच करायची.

हुकुमाच्या शेवटी एक ओळ आहे, तिकडे कुणी फारसे बघत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी हुजुरांकडे पाठवायचा. आम्ही गिरणीत जन्म घालवला. हजेरीबुकात सही नसेल तर दिवसभर राबूनही खाडा पडतो, हे आम्हांला ठाऊक आहे. कागदावरचा हुकूम आणि प्रत्यक्ष नेमणूक यांच्यामध्ये किती जागा गिळल्या जातात हे महाराजांनाही ठाऊक होते, म्हणून तो तक्ता. आज बॅकलॉगसाठी मोर्चे काढावे लागतात, तेव्हा हा तक्ता आठवतो. 1912 सालापर्यंत 95 अधिकाऱ्यांत ब्राह्मण 35 उरले.

खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे या जागांचा लाभ मराठा, जैन, लिंगायत यांनाच अधिक झाला. आपल्या लोकांत लिहिता येणारे मोजके. ती कसर महाराजांनी पुढे भरून काढली. 1917 मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. 1918 मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले आणि त्यांत महार तलाठीही नेमले. ज्याला गावाच्या चावडीत पायरीवर बसायची बंदी, त्याच्या बगलेत गावाचे दप्तर! त्याच वर्षी महार वतन मोडले, मागासलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. शिकलेल्या अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एका शाळेत बसवली.

नुसत्या नेमणुकीने मान मिळत नाही, हेही त्यांना माहीत होते. गंगाराम कांबळे हे त्यांच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले. मग स्वतःची गाडी तिथे थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. राजाने कप तोंडाला लावल्यावर अंमलदार नाही कसा म्हणेल?

मार्च 1920 मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे प्रोफेसर भीमराव आंबेडकर. महाराज स्वतः आले आणि तुम्हांला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे असे लोकांना सांगून गेले. मूकनायक पत्रालाही त्यांनी पैशाची मदत केली होती. छत्रपतीला अस्पृश्यांचा पुढारी आपणच राहावे असे वाटले असते तर कोण अडवणार होते? पण त्यांनी तो मान ज्याचा त्याच्याकडे दिला. याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना 1943 साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा 8.33 जागा मिळवल्या, आणि नंतर राखीव जागांचे कलम संविधानात आले.

आपल्या वस्तीतूनही त्याच वाटेने साहेब झाले. कुणी विहाराच्या कामाला धावून येतात, कुणी गाडीची काच खाली करत नाहीत. त्यांना तिथवर नेण्यासाठी कुणीतरी बोर्डिंग बांधले होते, तक्ते तपासले होते.

6 मे 1922 रोजी मुंबईत खेतवाडीतल्या बंगल्यात महाराजांनी देह ठेवला. वय 47. बाबासाहेब तेव्हा परदेशात शिकत होते.